तो ‘बस’ म्हणाला होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला माझं सगळं कळतं, पण हे कळलेलं नाही — किंवा कळलं असेल आणि मी कधी बोलतोय याची ती वाट बघत असेल, कुणास ठाऊक. दर वेळी सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलून मोकळा झालो. लिहिताना समोर कुणाचे डोळे नसतात. माझ्यासारख्या माणसाला तेवढाच आधार.

खांदेश्वरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, सोसायटीच्या पूजेचे ग्रुप फोटो — घर त्यावर चालतं. पण चित्रकार, कॉलेजची मुलं, प्रदर्शनं बघत हिंडणारी मंडळी मला ओळखतात ती एका फोटोमुळे. ‘आडोसा’ त्याचं नाव. पडीक मिठागराच्या बांधावर एक बाई गुडघ्यांत डोकं घालून बसली आहे. एक पुरुष तिच्या पलीकडून तिच्यावर वाकला आहे, दोन्ही हात पसरून. दोघंही विवस्त्र. चेहरे दिसत नाहीत. त्याचे हात तिच्या इतके जवळ आहेत की आता लागतील असं वाटतं — पण लागलेले नाहीत. त्या मधल्या सुटलेल्या जागेवर लोक भाळतात. “काय केमिस्ट्री आहे दोघांत!” असं म्हणतात. मी मान डोलावतो.

केमिस्ट्री नव्हतीच, असं मी म्हणणार नाही. होती. पण ती काय होती, आणि मी तिचं काय केलं — तेच तर सांगायचं आहे. बघा, पुन्हा आडवळणाने चाललोय. मला हे असंच जमेल.

प्रशांत पावणे एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मशीन चालवायचा. तरुणपणी कुणा ओळखीच्या चित्रकाराने त्याला चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून उभं केलं आणि मग सुट्टीच्या दिवशी ते चालूच राहिलं. वर्गात तो पुतळ्यासारखा उभा राहायचा. कसं जमतं विचारलं तर म्हणायचा, “सर, आठवडाभर मशीनपुढे हललोच की. इथे आराम.” वैशाली बेलापूरला एका ऑफिसात नोकरीला होती आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमी करायची. तिला विचारताना मी इतका अडखळलो की शेवटी माझं वाक्य तिनेच पूर्ण केलं. वर म्हणाली, “आयुष्य ओढणी सावरण्यात गेलं, सर. एकदा दोन्ही हात मोकळे सोडून उभं राहून बघायचंय.” तिच्या अटी दोनच. चेहरा दिसता कामा नये. आणि थांब म्हटलं की थांबायचं.

त्यासाठी आम्ही एक शब्द ठरवला. काम उघड्यावरचं — कुणी येईल, कुणाला थंडी वाजेल, कुणाला नुसतंच नको वाटेल. कारण विचारायचं नाही. शब्द आला की मी कॅमेरा खाली ठेवायचा आणि चादरी घेऊन धावायचं. चादरी माझ्या बॅगेपाशी असत, फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून. शब्द मीच सुचवला — ‘बस’. छोटा, पटकन तोंडात येणारा.

वैशालीला हसू फुटलं. “बस म्हणजे थांबायचं की टेकायचं? आत्ताच ठरवा, नाहीतर मी चिखलात बसायची.”

प्रशांत मात्र गंभीर. “मॅडम, मी तुम्हाला ‘बस’ म्हणेन का कधी? ‘बसा’ म्हणेन. नुसतं ‘बस’ ऐकलं की समजायचं, काम बंद.”

“वा, प्रशांतराव! अंगावर चिंधी नसताना अहो-जाहो?”

“तेव्हाच तर पाहिजे, मॅडम.”

ही त्यांची केमिस्ट्री. तो सारा हिवाळा आम्ही सुट्टीच्या सकाळी दिवाळे गावाच्या पुढे, खाडीकडेच्या जुन्या मिठागरांत जात होतो. प्रशांत हात हलवायच्या आधी सांगायचा, “हात आणतोय हं, मॅडम.” ती म्हणायची, “आणा.” ती ओठ न हलवता ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करायची आणि तो हसू दाबत डोंगराकडे बघत राहायचा. एकदा त्याच्या पाठीवर डास बसला. “प्रशांतराव, मारू का? परवानगी आहे?” “मारा, पण मॅडम, मशीन समजू नका.” मी कॅमेऱ्यामागे उभा. मला हसू यायचं, पण त्या हसण्यात मी नव्हतो.

हेवा वाटायचा का? वाटायचा. आता लपवून काय करू? एकमेकांवर इतका भरवसा टाकून उभी राहिलेली दोन माणसं मी पाहिली नव्हती, आणि मला त्या भरवशाचा फोटो हवा होता. तोच येत नव्हता. फोटोत दोघं नीटनेटकी दिसायची. शोकेसमध्ये ठेवल्यासारखी. लग्नाच्या अल्बममधली जोडपी दिसतात ना, फोटोग्राफरने हनुवटी धरून वळवलेली — तशी, फक्त कपड्यांविना. मला वाटू लागलं होतं की मी आयुष्यभर हनुवट्याच वळवणार.

आणि मग ती सकाळ.

दिवाळ्याला गाडी लावून आम्ही मासळी सुकत घातलेल्या मांडवांमागून निघालो. तिथे बसणारी हिराबाई आम्हाला एव्हाना ओळखायला लागली होती. फोटोवाले एवढंच तिला माहीत. “काय कराचं ते करा,” ती नेहमीसारखी म्हणाली, “पन भरतीच्या आधी मागारी या.” प्रशांतने तिला हात जोडले. बांधावर पोचलो, चादरी बाजूला झाल्या, काम सुरू झालं. वैशाली माझ्याकडे तोंड करून, मान खाली घालून उभी होती. प्रशांत तिच्या शेजारी, खाडीकडे तोंड करून.

खारफुटीआडून इंजिनाचा आवाज करत बोट आली. मासेमारीची नव्हे, सहलीची. आत चारसहा बाप्ये. प्रशांतला ती आधी दिसली, आणि तो ओरडला — “बस!”

मी कॅमेरा खाली ठेवला नाही.

वैशालीने काहीतरी आवाज ऐकला आणि तिचं अंग आपोआप खाली गेलं. गुडघ्यांत डोकं घालून ती आकसली. प्रशांत एका ढांगेत तिच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला गेला. बोटीकडे पाठ केली, हात पसरले आणि तिच्यावर वाकला. डोळे मिटून घेतले — ते मला लेन्समधून स्पष्ट दिसलं — आणि मान पार खाली घातली. स्वतःच्या पाठीची भिंत करून त्याने तिला झाकलं, आणि तेवढ्या गडबडीतही तिला हात लागू दिला नाही. “सर, बस!” तो पुन्हा म्हणाला.

मला ऐकू आलं होतं. पहिलं ‘बस’ही आलं होतं आणि हेही. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मला ऐकू आलं, मला कळलं, चादरी माझ्या पायाशी होत्या — आणि मी शटर दाबत राहिलो. का? कारण समोर तो फोटो होता. सगळा हिवाळा ज्याच्यासाठी आलो, तो. हे कारण आहे, सबब नव्हे; यातला फरक मला कळतो.

एक गोष्ट नंतर लक्षात आली आणि मग कधी डोक्यातून गेली नाही. प्रशांतने तिला बोटीपासून झाकलं होतं. माझ्या बाजूने ती उघडीच होती. माझ्यापासून झाकायची त्याला गरजच वाटली नव्हती.

बोटीतून हसण्याचे आवाज आले. “अरे बघ, बघ! पिच्चर चाललाय!” कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी मोबाइल वर धरला. मग बोट पुढे गेली. तेव्हा मी चादरी घेऊन धावलो. धावलो हं, अगदी धापा टाकत — उशीर झालेला माणूस धावतो तसा.

वैशाली रडली नाही. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, तिच्याआड कपडे चढवले आणि चालायला लागली. प्रशांतला त्या दिवशी पावण्याला जादा शिफ्ट होती. तो मोटरसायकलपाशी घुटमळला. “सॉरी, मॅडम,” म्हणाला. ती चालतच राहिली. तो गेला. हिराबाईने वैशालीचा चेहरा बघितला आणि मासळीवरून उठली. “काय झाला गो बाय? बस हितं. बस, पानी पी.” ‘बस’ ऐकताच वैशाली दचकली. आणि नेमकं तेव्हाच, त्या म्हातारीच्या मायेच्या शब्दावरून, माझ्या डोक्यात खोटं तयार झालं. आधी नव्हतं हो. तिथे झालं. बस म्हणजे थांब. बस म्हणजे बैस.

गाडीत वैशालीने विचारलं, “सर, प्रशांतराव तेव्हा काय म्हणाले? मला नुसता आवाज आला. बोटीचं इंजिनच होतं कानात.”

मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, “तुला बस म्हणाला. खाली बस म्हणून. मला वाटलं पोज बदलतोय, म्हणून मी काढत राहिलो.”

“मला?” ती म्हणाली. “बस?”

“पोजच्या नादात तोंडातून गेलं असेल.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “म्हणजे बोट दिसत असून मला तिथेच बसवलं. आणि एकदम एकेरीवर.”

मी तेव्हा बोलू शकलो असतो. पामबीच रोडवर सिग्नलला गाडी थांबली होती. सिग्नल सुटला, मी गिअर टाकला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. वैशालीने प्रशांतचा फोन घेणं बंद केलं. तो स्टुडिओत आला. काउंटरवर एक कुटुंब पासपोर्टसाठी बसलेलं, म्हणून हळू आवाजात म्हणाला, “सर, मी ओरडलो होतो ना? जोरात ओरडलो होतो ना?”

“वारा होता रे,” मी म्हणालो. “मला काहीच ऐकू आलं नाही.”

तो मान हलवत राहिला. “अजून जोरात ओरडायला पाहिजे होतं. चूक झाली. मॅडम काय म्हणतात?” मी सांगितलं, तिच्या घरी टेन्शन आहे, तिला आता हे काम नको, तू फोन करू नकोस. म्हणजे तिला एक खोटं, त्याला दुसरं. ती दोन कधी एका खोलीत येऊ नयेत, एवढंच मला बघायचं होतं.

फोटो मी वैशालीला दाखवला. तो न दाखवता राहवलं नाही, हेही खरं. ती बराच वेळ बघत होती. “चांगला आलाय,” म्हणाली. “तुम्हाला तरी काय माहीत, सर. तुमची काय चूक? लावा प्रदर्शनात.” प्रशांतला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडमना चालत असेल तर मला काय.” अशी परवानगी मिळाली. माझ्या खोट्यावर उभी असलेली परवानगी. खोटं काढून घेतलं तर ती पडते, आणि तिच्याबरोबर फोटो पडतो. फोटो पडला तर माझं काय उरतं? पूजेचे ग्रुप फोटो. तेव्हापासून मी यातच आहे. कुठल्याही बाजूने बाहेर यायला गेलो की आधी तोच फोटो आडवा येतो.

मग लोक मला बोलवायला लागले. रविवारच्या कार्यशाळा, कॉलेजांत भाषणं. विषय — दोन मॉडेलमधली केमिस्ट्री. मी पडद्यावर ‘आडोसा’ लावायचो आणि सांगायचो की केमिस्ट्री मागून मिळत नाही, फोटोग्राफरने माणसांचा विश्वास जपला तर ती आपोआप उमटते. हे मी म्हणालो आहे. एकदा नव्हे. मुली वहीत उतरवून घ्यायच्या.

वैशालीने आपल्या ओळखीतल्या एकदोघींना सांगितलं होतं, प्रशांतबरोबर काम करताना जपून, तो आपल्याच नादात असतो. हे वर्तुळ एवढंसं, बातमी फिरली. चित्रकलेचा वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी मला फोन करून सरळ विचारलं, प्रशांत कसा आहे हो? मी म्हणालो, “माणूस चांगला आहे, पण...” आणि पुढे काही बोललो नाही. ‘पण’ पुरेसा होता. त्याला बोलावणी यायची बंद झाली. का, ते त्याला कधीच कळलं नाही. वय झालं आपलं, असं तो धरून चालला.

हे इथे संपलं असतं तरी मी बहुधा लिहिलं नसतं. खरं सांगतो. माणूस अशा गोष्टींसह छान जगतो, जेवतो, झोपतो.

यंदा संकष्टीच्या आदल्या दिवशी खांदेश्वरच्या बाजारात प्रशांत भेटला. केस पांढरे झालेले, बरोबर बायको, हातात मेथीच्या जुड्या. “हे आमचे सर,” त्याने तिला सांगितलं, आणि तिने वाकून नमस्कार केला. मला तो झटकताही आला नाही. निघताना त्याने मला बाजूला घेतलं. “सर, मॅडम कधी भेटल्या तर सांगा, माझी चूक झाली. फार मनाला लागून राहिलंय.”

मी काय करायला हवं होतं? ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी म्हणालो, “सांगतो.” आणि खरोखर सांगितलं! फोन करून सांगितलं. का? चांगुलपणाची कसली हौस होती ती? “प्रशांत भेटला होता. माफी मागत होता,” मी म्हणालो. पलीकडे वैशालीने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “शेवटी कबूल केलं म्हणायचं. बरं झालं. त्यांना सांगा, माझ्या मनात काही नाही आता.”

हेही मी पोचवलं. प्रशांतने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. “तुमच्यामुळे झालं, सर.”

मग तिनेच ठरवलं, भेटूया तिघं. बेलापूरच्या एका हॉटेलात, इडली-कॉफीच्या. मला नाही म्हणता येईना. ती आली, तो उठून उभा राहिला. “बसा, मॅडम, बसा.” ती हसली. “तुम्ही अजून तसेच, प्रशांतराव.” पहिल्या काही मिनिटांतच साहेबाच्या नकलेपर्यंत मजल गेली, आणि मला वाटलं, सुटलो. दोघं खूश आहेत, मग कुणाचं काय बिघडलं?

कॉफी आल्यावर वैशाली म्हणाली, “आता बोलते म्हणून रागावू नका. बाकी काही नाही, पण तुम्ही मला तेव्हा ‘बस’ म्हणालात ना, एकेरीत — ते फार लागलं होतं.”

प्रशांतला कळेचना. “मी? तुम्हाला?” त्याने कप खाली ठेवला. “मॅडम, मी सरांना म्हणालो. बस, काम बंद. बोट आली म्हणून. दोनदा म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही, तीच तर माझी चूक —”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“वारा होता,” मी म्हणालो.

“पण तुम्ही तर म्हणाला होतात की ऐकलंत,” वैशाली हळू बोलली. “गाडीत. मला बस म्हणाला, असं तुम्हीच...”

मी कॉफी ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

“जाऊ द्या, मॅडम,” प्रशांत म्हणाला. “इतक्या वर्षांनी सरांना तरी काय आठवणार? वारा असेल, खाडीवर असतोच.” आणि त्याने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

वैशालीने पर्स उचलली. कॉफी अर्धी ठेवून उठली. “येते मी. तुम्ही बसा, प्रशांतराव. फोन करते.” माझ्याकडे तिने बघितलं नाही.

तिने त्यानंतर मला काही विचारलेलं नाही आणि मीही तिला फोन केलेला नाही. दोघांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

त्या सकाळी वारा नव्हता. मिठागरातलं पाणी काचेसारखं होतं. फोटोत दोघांचं प्रतिबिंब पाण्यात जसंच्या तसं उतरलं आहे — त्याची बोटं मोजता येतात, तिचा एक केस हललेला नाही. वैशालीच्या घरात त्या फोटोची मोठी प्रत आहे. मीच दिलेली, फ्रेम करून.